सिस्टर, बसा जरा! उभ्या ड्युटीचा आणि दुखऱ्या पायांचा इतिहास

रात्री साडेआठनंतर माझ्या कळंबोलीच्या दवाखान्यात येणाऱ्यांत नर्स बऱ्याच असतात. दुपारची ड्युटी आठला सुटते. कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल, खारघर या पट्ट्यात लहानमोठी इतकी हॉस्पिटलं झाली आहेत, की आमच्या प्रत्येक इमारतीत एखादी तरी ‘सिस्टर’ राहते. खुर्चीत बसल्या बसल्या त्या आधी बूट काढतात, मग बोलतात. मोज्याच्या इलॅस्टिकची खोल खूण घोट्यावर तशीच असते. "डॉक्टर, पायांचे तुकडे पडलेत. काहीतरी लिहून द्या."

खूप वर्षं मीही लिहून देत होतो. कॅल्शियम, बी-१२, चोळायला जेल, फारच सूज असेल तर क्रेप बँडेज. पंधरा दिवसांनी तीच सिस्टर, तेच पाय. मग वैद्यकाच्या इतिहासाची पुस्तकं चाळताना लक्षात आलं, की या दुखण्याचं निदान तीनशे वर्षांपूर्वीच झालेलं आहे आणि उपायही तेव्हाच सांगून ठेवलेला आहे. तो उपाय ट्यूबमध्ये मिळत नाही, एवढीच अडचण. तुम्ही स्वतः नर्स असाल, किंवा तुमच्या घरातली कुणी बारा-बारा तास वॉर्डात काढत असेल, तर हे वाचा.

सुरुवात इटलीत होते. बर्नार्डिनो रामाझिनी नावाचे एक डॉक्टर मोदेना शहरात प्रॅक्टिस करत. रोग्याला तपासताना डॉक्टरांनी एक प्रश्न जादा विचारावा, असा त्यांचा आग्रह होता: तुम्ही काम काय करता? १७०० साली त्यांनी कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. कुंभार, सोनार, खाणकामगार, धोबिणी, संडास उपसणारे अशा कितीतरी धंद्यांची दुखणी त्यांत आहेत. आज ज्याला आपण ऑक्युपेशनल हेल्थ म्हणतो, त्या शाखेचा पाया म्हणजे हे पुस्तक. त्यातलं एक प्रकरण फक्त उभ्यानं काम करणाऱ्यांवर आहे.

रामाझिनींना तिथे एक कोडं पडलं आहे. माणूस तासभर चालू शकतो, धावूही शकतो, पण तेवढाच वेळ एका जागी उभं राहिलं तर जास्त दमतो. असं का? चालताना स्नायू आळीपाळीनं काम करतात आणि आळीपाळीनं सुटतात, उभं राहताना मात्र तेच स्नायू सतत ताणलेले राहतात, हे उत्तर त्यांनी दिलं. अशा लोकांच्या पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा येतात, जखमा होतात, हेही नोंदवलं. आणि सल्ला दिला, की जमेल तेव्हा हे उभं राहणं मध्येच मोडावं. बसावं, चालावं, शरीर हलवावं. एवढंच. १७०० साली.

रक्ताचा भाग त्याआधीच उलगडला होता. इटलीतल्याच पादुआच्या विद्यापीठात फॅब्रिशियस हे शरीररचना शिकवत. शिरांच्या आत छोट्या झडपा असतात, हे त्यांनी १६०३ साली छापलेल्या पुस्तकात चित्रांसह दाखवलं. पण त्या कशासाठी, याचा त्यांचा अंदाज चुकला. रक्त सगळं पायांत साचू नये म्हणून त्याचा वेग कमी करणारे ते अडथळे असावेत, असं त्यांना वाटलं. त्यांचा इंग्रज विद्यार्थी विल्यम हार्वे याला खरं कारण सापडलं. झडप एकाच बाजूला उघडते, म्हणजे शिरेतलं रक्त फक्त हृदयाकडेच जाऊ शकतं. १६२८ साली त्यानं रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, त्यात या झडपांचा पुरावा महत्त्वाचा होता.

आता हे तुमच्या पायात कसं घडतं ते बघा. आपल्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. चौथ्या मजल्याच्या नळाला जोर कमी आणि तळमजल्याच्या नळाला जास्त, हा अनुभव सगळ्यांचा आहे. हृदय ते घोटा हा असाच उभा पाइप आहे. तुम्ही स्तब्ध उभ्या असाल तर घोट्याजवळच्या शिरेत सुमारे ९० मिलिमीटर दाब असतो. बीपीच्या यंत्रावर जो पारा आपण मोजतो, त्याच मापानं. तुम्ही चालायला लागलात की काही पावलांत हाच दाब ३० च्या खाली येतो. कारण पोटरीचे स्नायू आवळले की शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं, आणि झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत. पोटरीला ‘दुसरं हृदय’ म्हणतात ते यामुळे. मात्र पहिलं हृदय आपलं आपण चालतं, दुसऱ्याला तुम्ही हलवावं लागतं. नुसतं उभं राहिलं तर अर्धा लिटरच्या आसपास रक्त पायांत साठून राहतं, त्यातलं पाणी हळूहळू शिरेबाहेर झिरपतं आणि संध्याकाळी बूट घट्ट होतो. हे वर्षानुवर्षं चाललं की शिरा ताणून झडपांची तोंडं जुळेनाशी होतात. मग व्हेरिकोज व्हेन्स, काळवंडलेली कातडी, आणि काहींना घोट्याच्या आतल्या बाजूला न भरणारी जखम.

इथे अनेक सिस्टर माझ्याशी वाद घालतात. "पण डॉक्टर, आम्ही कुठे उभ्या असतो? आम्ही तर दिवसभर पळत असतो!"

खरं आहे, आणि हे मोजलंही गेलं आहे. अमेरिकेतल्या ३६ हॉस्पिटलांमध्ये नर्सच्या चालण्याचा एक मोठा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. दहा तासांच्या दिवसपाळीत नर्स दीड ते आठ किलोमीटर चालत होत्या, मधला आकडा पाच किलोमीटरच्या जवळ. आता पाच किलोमीटर म्हणजे काय? आळंदीहून पंढरपूरला निघालेला वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर वीसेक दिवसांत चालतो, म्हणजे कित्येक दिवशी पंधरा-वीस किलोमीटर. त्यात साठी-सत्तरी ओलांडलेले लोक असतात. त्यांचे पाय दुखत नाहीत असं नाही. फोड येतात, गोळे येतात, रात्री पाय चोळून घेतात. पण तिशीतली नर्स पाच किलोमीटरला जशी मोडून जाते, तसे ते मोडत नाहीत.

फरक दोन. एक, नर्सचं चालणं हे चालणंच नव्हे. चार पावलं, मग सलाईन लावायला पाच मिनिटं उभं, सहा पावलं, मग ड्रेसिंगला वीस मिनिटं वाकून उभं, मग औषधांच्या ट्रॉलीपाशी उभं. दाब खाली यायला लागतो तोवर पाय पुन्हा थांबलेले असतात. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वारीत विसावा असतो. पालखी कुठे थांबणार, दुपारचं जेवण कुठे, विसावा कुठे, मुक्काम कुठे, हे सगळं आधी ठरलेलं असतं आणि तिथे लाखो माणसं बिनदिक्कत जमिनीवर बसतात, आडवी होतात. थकलेल्याला बसायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या वॉर्डाच्या वेळापत्रकात राउंड असतो, औषधं असतात, हँडओव्हर असतं. विसावा कुठल्या खान्यात लिहिला आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.

हे काम पायांवर किती पडतं, ते फ्लॉरेन्स नाइटिंगेलला पक्कं माहीत होतं. दिवा घेऊन फिरणारी बाई एवढीच तिची ओळख आपल्याला शाळेत करून दिली जाते. पण क्रिमियाच्या युद्धाला जाण्याआधी, १८५३ साली, तिनं लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या संस्थेचा कारभार हाती घेतला होता. तिच्या मागण्यांची यादी वाचण्यासारखी आहे. प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ हवा. रोग्यांचं जेवण वर चढवायला दोरखंडानं ओढायची लिफ्ट हवी. आणि प्रत्येक रोग्याची घंटा त्या मजल्यावरच्या नर्सच्या दाराबाहेर वाजायला हवी, शिवाय कुणी वाजवली ते कळावं म्हणून एक झडप उघडी राहायला हवी. हे नसेल तर नर्स म्हणजे नुसती पायांची जोडी होऊन बसते, असं तिनं पत्रात लिहिलं. सुदृढ नर्स हवी तर तिला पाय चोळायला वेळ द्या, असं ती म्हणाली नाही. तिनं जिने वाचवायला सांगितले. मला हे शहाणपण फार मोठं वाटतं.

पुढे तिच्याच विचारातून लांबलचक वॉर्ड आले. दोन्ही बाजूंना खाटांची रांग, मधून वाट, साधारण तीस खाटा. हवा खेळती राहावी आणि एका नर्सला उभ्या जागेवरून सगळे रोगी दिसावेत, हा हेतू. सरकारी हॉस्पिटलांत तुम्ही अजूनही असे वॉर्ड बघता. हेतू साधला, पण ज्या वॉर्डात सगळं दिसतं त्यात चालावंही सगळं लागतं. शेवटच्या खाटेवरून बेडपॅन घेऊन दुसऱ्या टोकाच्या मोरीपर्यंत जाणाऱ्या मावशींना विचारा.

महाराष्ट्रात ही नोकरी आली ती या सगळ्या शिस्तीसकट. मुंबईचं जेजे हॉस्पिटल १८४५ चं. बायकांनी बायकांसाठी चालवायचं कामा हॉस्पिटल १८८६ साली उघडलं. दरम्यान प्लेगच्या साथीत शुश्रूषा म्हणजे काय, ते पुण्यानं पाहिलं. १८९७ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं, आणि त्याच संसर्गानं १० मार्चला त्या गेल्या. शुश्रूषेला आपण ‘सेवा’ म्हणून हार घालतो, तेव्हा ती पाठीचं आणि पायांचं कष्टाचं काम आहे हे सोयीनं विसरतो.

मग १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या बायकांना ससून हॉस्पिटलात नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवायला सुरुवात केली. त्यांत विधवा होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, यावर त्या काळच्या पुण्यात काय बोललं गेलं असेल याची कल्पना करा. ज्या बाईनं एवढं सोसून ही नोकरी धरली, ती ‘मला बसायला स्टूल हवं’ म्हणून तक्रार करणार होती थोडीच! माझा अंदाज असा आहे, की न बसण्याची सवय आपल्याकडे तिथूनच घट्ट झाली. बसलेली नर्स म्हणजे आळशी नर्स, ही समजूत मी अगदी या शतकातही मेट्रनच्या तोंडून ऐकली आहे.

आणि माणसं कमी. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एक नर्स असल्याचा हिशेब आहे. डॉक्टर तेव्हा ६,३०० लोकांमागे एक होता. म्हणजे नर्स डॉक्टरहूनही दुर्मीळ होती. नंतर संख्या वाढली, नियम झाले. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सांगतं, की मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स असावी, म्हणजे एका पाळीत नऊ खाटांमागे एक. हे वाचून माझ्याकडे येणाऱ्या सिस्टर हसतात. पंचवीस-तीस पेशंट आणि दोघी, असं त्यांचं रोजचं गणित असतं. एक रजेवर गेली की एकटी. पायदुखीच्या चर्चेत हा विषय कशाला, असं वाटेल. पण नऊ जणांना बघणारीला बसायला वेळ मिळतो, तिसांना बघणारीला मिळत नाही. माझ्या मते पायाच्या सुजेचं सर्वांत मोठं कारण तेच आहे.

एक कबुलीही देतो. एमडी करत असताना आम्ही राउंड घ्यायचो दोन-अडीच तास. सगळे उभे. आम्ही निदान बोलत होतो, शिकत होतो, खाटेच्या कडेला टेकत होतो. इन्चार्ज सिस्टर हातात केसपेपर घेऊन आमच्या मागे ताठ उभी. आम्ही आत आलो की बसलेली नर्स उठून उभी राहायची, आणि ती उठली नाही तर आम्हाला राग यायचा. त्यातल्या एक सिस्टर निवृत्तीच्या जवळ होत्या, डाव्या घोट्यावर कायम पट्टी. ती व्हेनस अल्सरची पट्टी होती हे मला दिसत होतं. कोपऱ्यातलं स्टूल मला उचलून देता आलं असतं. दिलं नाही.

‘बसू द्या’ ही मागणी इतरांनी मात्र लढून मिळवली आहे. इंग्लंडमध्ये दुकानांत काम करणाऱ्या मुलींना दिवसभर उभं ठेवत. डॉक्टरांच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकानंही त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि १८९९ साली कायदा झाला, की दर तीन विक्रेत्या मुलींमागे किमान एक आसन ठेवलंच पाहिजे. आपल्या १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये ४४ वं कलम होतं. उभ्यानं काम करावं लागणाऱ्या कामगारांना, कामात उसंत मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय कारखान्यानं करायची. म्हणजे तळोजा एमआयडीसीतल्या मशीनवर उभ्या माणसाला तेव्हापासून हा हक्क होता, पण वॉर्ड म्हणजे कारखाना नव्हे. केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांनी विजी यांच्या पुढाकारानं संघटना बांधून बसण्याचा हक्क मागितला, आणि २०१८ साली तिथल्या दुकान कायद्यात तो आला. २०२१ साली तमिळनाडूनंही तेच केलं. केंद्राच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत उभ्यानं काम करणाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. कागद आला आहे. स्टूल यायचं आहे.

तोवर काय करायचं? इथे इतिहास पुन्हा मदतीला येतो.

पायाला बाहेरून आवळून धरलं तर बरं वाटतं, हे फार जुनं ज्ञान आहे. सुश्रुतानं पट्ट्या बांधण्याचे चौदा प्रकार सांगितले, त्यांत हातापायांसाठी वेलीसारखा गुंडाळत नेण्याचा एक आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रिचर्ड वाइजमन या सर्जननं अल्सरच्या पायावर नाडीनं आवळायचा चामडी मोजा वापरला. पण किती आवळायचं आणि कुठे, हे नीट कळलं ते एका इंजिनिअरमुळे. अमेरिकेतले कॉनरॅड जॉब्स्ट यांना स्वतःलाच शिरांचा अल्सर होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की त्यांचं दुखणं थांबायचं. त्यांनी विचार केला, पाण्याचा दाब तळाशी जास्त आणि वर कमी. उभ्या माणसाच्या शिरेतला दाबही तसाच, घोट्याशी जास्त आणि वर कमी. म्हणजे मोजाही तसाच हवा. १९५० च्या सुमाराला त्यांनी घोट्याला सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे तयार केले. आपण गणपती विसर्जनाला रोडपालीच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात उतरतो, तेव्हा दिवसभराचे थकलेले पाय हलके वाटतात ना? तेच हे.

म्हणून माझं आता पहिलं औषध म्हणजे हे मोजे, गुडघ्याखालपर्यंतचे. नुसती सूज आणि जडपणा असेल तर १५ ते २० मिलिमीटर दाबाचे, शिरा फुगल्या असतील तर २० ते ३० चे. दुकानात नुसतं ‘मीडियम द्या’ म्हणू नका, घोटा आणि पोटरी टेपनं मोजून घ्या, तेही सकाळी. घालायचे अंथरुणातून उठल्याबरोबर, सूज यायच्या आत. मोजा वरून दुमडू नका, दुमडलेली कड पोटरीला फास लावते. क्रेप बँडेजचा तोटा तोच. स्वतःच्या पायाला बांधताना वर घट्ट आणि खाली सैल बांधलं जातं, आणि मग पाऊल आणखी सुजतं. एक सावधगिरी: डायबेटिस असेल, चालताना पोटरीत वळ येऊन थांबावं लागत असेल, पावलं थंड पडत असतील, तर डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घेतल्याशिवाय हे मोजे वापरू नका. धमनीतूनच रक्त कमी येत असेल तर आवळणं घातक आहे.

दुसरं औषध रामाझिनींचं. ड्रेसिंगला किंवा ट्रॉलीपाशी उभ्या असाल तेव्हा दर काही मिनिटांनी दोन्ही टाचा उचला, खाली टेका, दहा-पंधरा वेळा. कुणाला कळतही नाही. वजन या पायावरून त्या पायावर घ्या. केसपेपर लिहिताना हट्टानं बसा. आणि ड्युटीवर पाणी प्या. कोविडच्या काळात पीपीई किट घालून सहा-सहा तास पाणी न पिण्याची जी सवय लागली, ती काहींची अजून सुटलेली नाही. त्यात परतीच्या लोकलमध्ये मानसरोवरपर्यंत उभं राहून आणि मग लिफ्ट नसलेल्या सिडकोच्या इमारतीत तिसरा मजला चढून घरी पोचता. पोचल्यावर लगेच ओट्याशी उभं राहू नका. आधी वीस मिनिटं पाठीवर आडवं होऊन पाय भिंतीला लावा, हृदयापेक्षा वर. चहा दुसऱ्या कुणीतरी करावा. घरातल्या पुरुषांनो, हे वाक्य तुमच्यासाठी आहे.

काशाच्या वाटीबद्दल हमखास विचारतात. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून काशाच्या वाटीनं घासायची आपल्याकडची पद्धत सुंदर आहे. पायांना तेल लावण्याचं महत्त्व आयुर्वेदाच्या दिनचर्येत मुद्दाम सांगितलेलं आहे. स्नायू सैल होतात, झोप छान लागते. तळवा काळा पडतो तो धातू आणि तेलाच्या घर्षणाचा रंग असतो, अंगातली उष्णता बाहेर पडल्याचा नव्हे. पोटरी चोळायची असेल तर घोट्याकडून गुडघ्याकडे, हलक्या हातानं. गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवण्यानं गोळे सुटतात, पण सूज आणि फुगलेल्या शिरा असतील तर गरम पाण्यानं शिरा आणखी फुगतात, त्यांनी साधं गार पाणी घ्यावं. डायबेटिसमुळे पाय बधिर असतील तर गरम पाणी नकोच. भाजल्याचं कळत नाही.

बुटांचं थोडक्यात. संध्याकाळी, पाय सुजलेले असताना विकत घ्या. पुढे बोटं हलायला जागा हवी, टाच किंचित उंच आणि भरीव हवी. पांढरे सपाट कॅनव्हास तळव्याला काहीच आधार देत नाहीत. सकाळी पलंगावरून पाय टेकताच टाचेत कळ येत असेल तर ते शिरांचं दुखणं नाही, तळव्याच्या पडद्याचं आहे. त्याला पोटरी ताणण्याचा व्यायाम आणि घरात मऊ चप्पल लागते. एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला आज डायबेटिसवाले सर्रास वापरतात. त्या लोकप्रिय झाल्या कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी दक्षिणेत झालेल्या कामातून. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांचा त्यात मोठा वाटा होता. दिसायला साध्या, पण अनेकींना घरात वापरायला मी त्याच सांगतो.

शस्त्रक्रियेबद्दल दोन ओळी पुरेत. १८९० च्या सुमाराला जर्मनीच्या ट्रेंडेलेनबर्ग यांनी मांडीतली शीर बांधण्याचं ऑपरेशन रूढ केलं, आज तेच काम लेसरनं किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेनं, टाके न घालता होतं. शिरा फुगून कातडी काळी पडू लागली असेल तर व्हॅस्क्युलर सर्जनला वेळेत दाखवा, डॉपलर करून घ्या.

आणि एक गोष्ट नर्सना खास सांगायची. औषध तुमच्या हाताशी असतं म्हणून रोज ड्युटीनंतर डायक्लोफिनॅक घेऊ नका. शिरांच्या जडपणाला त्याचा उपयोग नाही, आणि किडनी व पोट दोन्ही बिघडतात. ब्लडप्रेशरसाठी ॲम्लोडिपिन चालू असेल तर घोट्याची सूज त्या गोळीमुळेही असू शकते, ती स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगा. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर चोळू नका, तेलही लावू नका, त्याच दिवशी दाखवा. खोल शिरेत गाठ असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. गरोदरपणात, बाळंतपणानंतर आणि संततिनियमनाच्या गोळ्या चालू असताना ही शक्यता वाढते. दोन्ही पाय सुजून दम लागत असेल तर ते उभं राहण्याचं दुखणं समजून अंगावर काढू नका.

मागच्या पावसाळ्यात एक सिस्टर आल्या होत्या. वय बेचाळीस, दोन्ही पायांवर शिरा, उजव्या घोट्याजवळ कातडी काळी पडायला लागलेली. मोजे, व्यायाम, सर्जनचा पत्ता, सगळं सांगून झालं. उठताना म्हणाल्या, "डॉक्टर, ते बसायचं तेवढं लेटरहेडवर लिहून द्याल का? आम्ही सांगून कुणी ऐकत नाही." मी लिहून दिलं: औषधं भरताना आणि नोंदी करताना बसण्याची सोय आवश्यक. खाली सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. महिन्याभरानं फेरतपासणीला आल्या तेव्हा सूज निम्म्यावर आली होती. वॉर्डात स्टूल आलं का, विचारलं. आलं म्हणाल्या. एकच आलंय, आणि त्यावर आता तिघी आळीपाळीनं बसतात.